दोन तारखांमधला न्याय

दूषित रक्तामुळे आजारी पडलेल्यांना सरकारने भरपाई द्यावी का, आणि द्यायची तर कोणाकोणाला, हा प्रश्न १९९८ साली कॅनडाच्या संसदेत ऐरणीवर आला. भरपाई मुळीच देऊ नये, असे त्या वेळी फारसे कोणी म्हणत नव्हते. वाद होता तो दोन तारखांचा. १ जानेवारी १९८६ ते १ जुलै १९९० या काळात ज्यांना रक्तातून हिपॅटायटिस सी झाला, त्यांनाच पैसे मिळतील, असे सरकारने ठरवले होते. आजार तोच, कारण तेच. पण या मुदतीच्या अलीकडे-पलीकडे रक्त घेतलेल्यांच्या पदरात काहीच पडणार नव्हते.

या वादाची मुळे १९८०च्या दशकात आहेत. त्या काळी कॅनडात रक्त गोळा करून रुग्णालयांना पुरवण्याचे काम कॅनेडियन रेडक्रॉस करत असे. या रक्तातून आणि रक्तापासून बनवलेल्या औषधांतून सुमारे दोन हजार लोकांना एचआयव्हीची आणि आणखी हजारो लोकांना हिपॅटायटिस सीची लागण झाली. हिमोफिलियाच्या रुग्णांना याचा सर्वाधिक फटका बसला. रक्त गोठण्यासाठी त्यांना लागणारे ‘फॅक्टर आठ’ हे औषध हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवले जाई. त्यात एका दात्याचे रक्त दूषित निघाले, तरी साऱ्या साठ्यात विषाणू शिरत असे. अपघातात जखमी झालेले, शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेले आणि बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रिया यांनाही लागण झाली. हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. लक्षणे दिसू लागेपर्यंत अनेकांचे यकृत निकामी होत आलेले असते.

न्यायमूर्ती होरेस क्रेव्हर यांच्या चौकशी आयोगाने चार वर्षे साक्षीपुरावे तपासून नोव्हेंबर १९९७ मध्ये अहवाल दिला. त्याची पहिलीच शिफारस भरपाईची होती. रक्तामुळे किंवा रक्तघटकांमुळे ज्यांना गंभीर इजा झाली, त्यांना चूक कोणाची हे सिद्ध करायला न लावता भरपाई द्यावी, असे आयोगाने सांगितले. कोर्टकचेरीचा मार्ग आजारी माणसासाठी लांबचा, खर्चिक आणि बेभरवशाचा असतो, हे आयोगाने ओळखले होते.

केंद्र आणि प्रांतिक सरकारांनी मात्र वेगळी वाट धरली. २७ मार्च १९९८ रोजी त्यांनी ११० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले ८० कोटी केंद्राचे आणि ३० कोटी प्रांतांचे होते. मुदत आखताना ‘चूक कोणाची’ हा निकष लावला गेला. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ पर्यंत ओळखलाच गेला नव्हता, त्यामुळे त्याची थेट चाचणी नव्हती. पण आडवळणाने अंदाज घेता येत असे. दात्याच्या रक्तात यकृतातले एएलटी नावाचे द्रव्य वाढले आहे का, किंवा हिपॅटायटिस बीच्या जुन्या संसर्गाची खूण आहे का, हे पाहून संशयित रक्त बाजूला काढता येई. अमेरिकेने १९८६ पासून या चाचण्या सुरू केल्या, कॅनडाने केल्या नाहीत. थेट चाचणी कॅनडात १९९० मध्ये आली. म्हणून सरकारचे म्हणणे असे, की १९८६ पूर्वी काही करता येण्याजोगे नव्हते, १९९० नंतर शक्य ते केले गेले, आणि मधल्या काळात जे राहून गेले त्याचीच जबाबदारी सरकारवर येते.

कागदावर हा युक्तिवाद नीटस वाटतो. रुग्णाच्या बाजूने पाहिले की त्याचा अर्थ उलगडतो. डिसेंबर १९८५ च्या शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण आणि त्याच रुग्णालयात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झालेला दुसरा रुग्ण, दोघांनाही त्याच यंत्रणेने पुरवलेले रक्त चढवले. पुढे दोघांनाही तोच आजार झाला. यकृत सुकत जाणे, काम सुटणे, औषधांचा खर्च, घरच्यांची फरफट, हे सारे दोघांच्या वाट्याला सारखेच आले. दुसऱ्याला भरपाई मिळाली, पहिल्याला नाही. शस्त्रक्रियेची तारीख दोघांपैकी कोणीही निवडलेली नव्हती.

२८ एप्रिल १९९८ रोजी सर्वच बाधितांना भरपाई द्यावी, असा विरोधकांचा ठराव संसदेत मतदानाला आला. पंतप्रधान झां क्रेतियें यांच्या सरकारने हा विश्वासाचा प्रश्न केला आणि १५५ विरुद्ध १४० मतांनी ठराव पडला. बाधितांबद्दल उघड सहानुभूती दाखवणाऱ्या सत्ताधारी खासदारांनीही पक्षादेश पाळला. आरोग्यमंत्री ॲलन रॉक यांचा मुद्दा असा होता, की कोणाची चूक नसताना भरपाई दिली, तर वैद्यकीय उपचारांतल्या प्रत्येक अपायासाठी सरकारला तिजोरी उघडावी लागेल आणि मग उपचारांसाठीच पैसा उरणार नाही.

ही भीती खोटी नाही. पण रक्ताची गोष्ट इतर उपचारांहून वेगळी आहे. रक्तस्राव होत असलेल्या माणसाला रक्त नाकारण्याचा पर्याय नसतो. पुरवठादार निवडण्याचा तर नसतोच. रक्त दात्यांनी समाजाला दिलेले असते, ते एका सार्वजनिक यंत्रणेतून सर्वांना मिळते आणि लाखो लोक त्याच्या जोरावर वाचतात. या व्यवस्थेचा फायदा समाजाने सामायिक उचलायचा आणि तिचा तोटा मात्र ज्याच्या वाट्याला आला त्याने एकट्याने सोसायचा, हे न्यायाला धरून नाही. कोणी हलगर्जी केली, हे शोधण्यासाठी कोर्ट आहे. झालेल्या हानीचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न त्याच्याआधीचा आहे आणि त्याचे उत्तर सर्वांनी मिळून द्यायचे असते.

पुढच्या घटनांनीही हेच दाखवले. क्वेबेकच्या विधानसभेने एकमुखाने सर्वांच्या भरपाईची मागणी केली. ओन्टारिओने मुदतीबाहेरच्या आपल्या बाधितांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले. मुदतीतल्या रुग्णांसाठीच्या निधीकडे अंदाजापेक्षा खूपच कमी लोक आले. तरीही मुदतीबाहेरच्यांसाठी सुमारे १०० कोटी डॉलरची योजना केंद्राने जाहीर केली ती २००६ मध्ये, म्हणजे संसदेतल्या त्या मतदानानंतर आठ वर्षांनी. दरम्यान कित्येक जण दगावले. २००५ मध्ये रेडक्रॉसने कोर्टात गुन्हा कबूल केला. तिला दंड झाला पाच हजार डॉलर, शिवाय वैद्यकीय संशोधन व शिष्यवृत्त्यांसाठी तिने १५ लाख डॉलर दिले.

इतर देशांचा अनुभवही बोलका आहे. आयर्लंडमध्ये चूक सिद्ध न करता भरपाई देणारे न्यायाधिकरण १९९५ मध्येच स्थापन झाले. ब्रिटनने मात्र दशकानुदशके जबाबदारी नाकारली. तीस हजारांहून अधिक लोकांना लागण झालेल्या तिथल्या प्रकरणावर न्यायमूर्ती ब्रायन लँगस्टाफ यांचा अंतिम अहवाल मे २०२४ मध्ये आला. तोवर सुमारे तीन हजार बाधित मरण पावले होते. मग पंतप्रधानांनी माफी मागितली आणि सरकारने भरपाईसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले.

भरपाईने निकामी यकृत बरे होत नाही आणि गेलेला माणूस परत येत नाही. पण उपचार, घरखर्च आणि मुलांचे शिक्षण यांना तिचा आधार होतो, आणि जे झाले ते एकट्या रुग्णाचे दुर्दैव नव्हते ही कबुलीही तीत असते. ती कबुली द्यायला सरकारने वेळ लावला, की पैसे घ्यायला हयात असलेले हात कमी होत जातात. रक्त सर्वांसाठी गोळा होते, तेव्हा त्यातून झालेल्या हानीची भरपाईही सर्वांनी मिळून, तारखेची अट न घालता आणि बाधित जिवंत असतानाच द्यायला हवी.