एकाच मालकाच्या राज्यात

मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून मुंबईकडे गेला. डोक्यावर लाल टोप्या, हातात लाल बावटे आणि मागण्या वनपट्ट्यांच्या व कर्जमाफीच्या. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून किसान सभेच्या या लोकांनी शेवटची मजल रात्रीतून मारली आणि 12 मार्चला आझाद मैदान गाठून सरकारकडून लेखी आश्वासन घेतले. त्यातले बरेच कागदावरच राहिले, तेव्हा मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला आणि बोलणी होईपर्यंत शहापूर तालुक्यातल्या वासिंदला तळ ठोकून बसला.

कम्युनिस्ट पक्षाच्या छायेतल्या संघटनेने हे सारे केले ते लोकशाहीच्या जोरावर. हाच मोर्चा कम्युनिस्ट राजवटीत निघाला असता का? जून 1962 मध्ये रशियातल्या नोवोचेर्कास्क शहरात मांस-लोण्याच्या भाववाढीविरुद्ध कामगार रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ती बातमी सोव्हिएत जनतेपासून पंचवीसेक वर्षे दडवली गेली. 1978 मध्ये चीनच्या आन्ह्वे प्रांतातल्या श्याओगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी सामुदायिक शेती सोडून घरटी जमीन वाटून घेण्याचा करार केला, तोही चोरून. आपल्यापैकी कोणी तुरुंगात गेले तर त्याची मुले बाकीच्यांनी सांभाळायची, हेही त्यात ठरले होते. आपल्या शेतात कसे पिकवायचे एवढेच त्यांना ठरवायचे होते, पण तेवढे बोलायलाही रात्र लागली.

इथे थांबून ‘आमची लोकशाही थोर’ म्हणत पाठ थोपटून घेणे सोपे आहे. पण शहापूर ज्यात येते त्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास तसे करू देत नाही.

शहापूर-मुरबाडला खेटून असलेल्या टिटवाळ्यात जानेवारी 1945 मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तिथून किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणूच्या वारली पाड्यांवर पोचले. तिथे वेठ होती आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी होते. त्या वारल्याला बोलायला कोणत्या कायद्याने बंदी केली होती? कोणत्याच नाही. पण जमीन सावकाराची, पावसाळ्यातली खावटी सावकाराची, गवतकापणीची मजुरीही त्याच्याच हातची. तोंड उघडले की चूल बंद. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ही गुलामी झुगारणारे लोक जमले, तेव्हा 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मारले गेले. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले.

माझे म्हणणे एवढेच आहे: ज्याच्या हातात माणसाचे पोट, त्याच्या हातात त्याचे तोंड. पाड्यावर सारे काही एका सावकाराचे होते, म्हणून तिथे शांतता होती. लाल बावट्याने ती मक्तेदारी फोडली, हे त्याचे ऐतिहासिक काम. पण त्याच बावट्याखाली रशिया-चीनमध्ये जी राज्ये उभी राहिली, त्यांनी जमीन, कारखाना, छापखाना, कागद आणि नोकरी असे सगळे एका पक्षाच्या ताब्यात दिले. सावकार गेला आणि देशाएवढा सावकार आला. 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेतले 125 वे कलम वाचण्यासारखे आहे. त्यात भाषण, मुद्रण, सभा आणि मिरवणुकीचे स्वातंत्र्य आहे, इतकेच नव्हे तर छापखाने आणि कागदाचा साठा श्रमिकांसाठी उपलब्ध करण्याची हमीही आहे. फक्त त्या छापखान्यांच्या किल्ल्या सरकारकडे होत्या आणि काय छापायचे ते ‘ग्लावलित’ हे सेन्सॉर खाते 1922 पासून ठरवत होते.

यावर डाव्यांचा जुना युक्तिवाद असा, की भांडवली लोकशाहीतले अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे वृत्तपत्राच्या मालकाचे स्वातंत्र्य. यात तथ्य आहे. पण दहा मालकांवरचा उपाय एक मालक हा नव्हे. दहांच्या भांडणात गरिबाला शिरायला फट सापडते, एकाच्या राज्यात ती बुजते. 1959 मध्ये पंग द-ह्वाय या चिनी संरक्षणमंत्र्याने ‘मोठी झेप’ या उत्पादनवाढीच्या मोहिमेतल्या चुकांबद्दल माओंना पत्र लिहिले आणि पद गमावले. जिथे मंत्री बोलू शकत नाही, तिथे उपाशी शेतकरी काय बोलणार? त्या मोहिमेतून आलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी याच उदाहरणावरून दाखवले, की विरोधी पक्ष आणि मोकळी वृत्तपत्रे असतात तिथे असा भूकबळींचा डोंगर उभा राहत नाही. पण रोजची अर्धपोटी भूक लोकशाहीही वर्षानुवर्षे चालवून घेते, हेही त्यांनीच सांगितले. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. छापायला कोणाची बंदी नाही आणि टँकरही चुकत नाही.

स्वतंत्र भारतात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पहिला मोठा निकाल मिळाला तोही डाव्यांमुळेच. मुंबईहून निघणाऱ्या, रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने 26 मे 1950 रोजी रद्द ठरवली. वर्षभराने पहिली घटनादुरुस्ती करून केंद्र सरकारने ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’च्या नावाने निर्बंधांची वाट मोकळी केली. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, ते त्याच वाटेवरचे. शस्त्र उचलणाऱ्याला रोखायला कायदे आधीच आहेत. विचारावरून संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणे म्हणजे ज्या राजवटींचा धाक दाखवायचा त्यांचाच कित्ता गिरवणे. आणि या विधेयकाला विरोध करणाऱ्या डाव्यांनीही नोवोचेर्कास्कबद्दल तितक्याच स्पष्टपणे बोलायला हवे.

अभिव्यक्तीचा प्रश्न म्हणूनच शेवटी मालकीवर येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा पट्टा म्हणजे नुसती गुंठे-एकरांची नोंद नाही. तो ज्याच्या नावावर आहे, त्याला विरोधात बोलल्यावरही पेरता येते. आज मुरबाड-शहापूरचा कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर जातो. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेत त्याला बोलण्याचा अधिकार दिला आहे. त्या सभेत त्याने भट्टीमालकाविरुद्ध हात वर केला आणि तरीही पुढच्या हंगामात त्याला कुठेतरी काम मिळाले, तर इथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे असे समजावे. नाहीतर आपली राज्यघटनाही त्या 125 व्या कलमासारखी वाचायला छानच आहे.