कुणाच्या मापाचा एक कायदा?

इंदापूर तालुक्यातल्या डाळजच्या शिवारात उसाची लागण निघाली की बेणे बहुधा ओळखीच्या फडातून येते. नऊ-दहा महिन्यांचा निरोगी प्लॉट बघायचा, दोन डोळ्यांची टिपरी तोडायची, बेणेप्रक्रिया करून सरीत दाबायची. फुले 265 ही जात पाडेगावच्या संशोधन केंद्राची हे सगळ्यांना ठाऊक असते. पण बेणे देताना परवानगीचा विषय बांधावर निघत नाही. निघायचे कारणही नाही. 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याचे 39 वे कलम शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखू, पेरू, वाटू आणि विकूही देते. फक्त ब्रँड लावून विकायचे नाही.

शेजारी देशांचा बाजार एक, तर बौद्धिक संपदेचे कायदेही एक असावेत, हे म्हणणे ऐकताक्षणी पटते. युरोपने वाणांपुरते ते 1994 मध्ये केलेही: एक अर्ज, एक हक्क, सगळ्या सदस्य देशांत लागू. पैदासकाराचे हेलपाटे वाचले. शेतकऱ्याला बियाणे राखण्याची सवलत मात्र धान्ये, बटाटा, चारा आणि तेल-तंतुपिकांतल्या ठरावीक जातींपुरती, तीही स्वतःच्याच शेतात. लहान शेतकरी सोडून बाकीच्यांनी मोबदला भरायचा. ऊस, द्राक्ष, डाळिंब त्या यादीतच नाहीत. शेजाऱ्याला बेणे देणे तर दूरच.

दक्षिण आशियात साफ्टा हा मुक्त व्यापार करार 2006 पासून लागू आहे, कायदे मात्र ज्याचे त्याचे. त्याचाही फटका बसतो. टांगाईल साडीची भौगोलिक निर्देशांकाची (जीआय) नोंद 2024 च्या जानेवारीत भारताने केली. बांगलादेश खवळला आणि पुढच्याच महिन्यात त्यानेही आपली नोंद उरकली. उलट कोल्हापुरी चपलेसाठी महाराष्ट्र आणि कर्नाटकाचे चार-चार जिल्हे एकाच नोंदणीत बसले. (सीमावादाच्या दोन्ही बाजूंना हे जमले, याचे मला अजून नवल वाटते.) अशी सामायिक नोंदणी देशादेशांत व्हावीच.

पण नावाचा हक्क वेगळा आणि बियाण्याचा वेगळा. बियाण्याचा कायदा एक करायचा म्हटले की यूपोव्ह या आंतरराष्ट्रीय वाणसंरक्षण संघटनेचा 1991 चा करार पुढे केला जातो, आणि त्यात पारडे पैदासकाराकडे झुकते. भारत त्याचा सदस्य नाही. व्यापार कराराच्या वाटाघाटीत हा विषय येईल तेव्हा बारामती-इंदापूरच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीला एवढेच बजावावे: 39 व्या कलमाला हात लावू नका.