विश्वास ठेवा, की येऊन बघा?

डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या माझ्या मामेभावाचा फोन आला. त्याच तालुक्यातलं मारकडवाडी तेव्हा रोज बातम्यांत होतं. विधानसभेच्या निकालात गावातल्या मतांचे आकडे गावकऱ्यांना पटले नव्हते. ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन खात्री करायची, असं त्यांनी ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते राहून गेलं. भाऊ म्हणाला, "दादा, तुमच्याकडं अजून कागदावरच मतदान होतं ना? मग तिकडं तरी लोकांचा विश्वास असंल!"

मला हसू आलं. तीनच महिन्यांपूर्वी, १ सप्टेंबरला, मी स्वतः येनामध्ये मतमोजणीच्या टेबलाशी बसलो होतो. कागद होता, विश्वास मात्र शोधावा लागत होता.

येना ज्या थुरिंगिया राज्यात आहे ते लहानसं, वस्ती जेमतेम एकवीस लाख. पण गेली काही वर्षं इथल्या निवडणुकीकडे सगळ्या जर्मनीचे डोळे असतात. २०१९ साली एक पक्ष अवघ्या ७३ मतांनी पाच टक्क्यांची अट ओलांडून विधानसभेत आला. ५ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच पक्षाचे थॉमस केमेरिश ४५ विरुद्ध ४४ मतांनी मुख्यमंत्री झाले, तेही अतिउजव्या एएफडीच्या मतांच्या जोरावर. देशभर गदारोळ झाला आणि तीन दिवसांत राजीनामा आला. २०२४ मध्ये तर ३२.८ टक्के मतं घेऊन एएफडीच पहिल्या क्रमांकावर आली. अमेरिकेतल्या वाचकांनी जॉर्जिया आठवावं. मूठभर मतं इकडची तिकडे झाली की सारा देश हलतो, अशातलंच हे राज्य.

मिरजेहून एम.बी.बी.एस. होऊन इकडे आलो, पुढे जर्मन नागरिकत्व घेतलं, आणि भारतातला मतदानाचा हक्क गेला. त्याची रुखरुख आहेच. म्हणून इथे मतदान केंद्रावर मदतनीस म्हणून नाव दिलं. त्या संध्याकाळी सहा वाजता मतदान संपलं, पण दार उघडंच राहिलं. इथे मोजणी सर्वांना खुली असते. कोणीही यावं, उभं राहावं, बघावं. साठीचे एक गृहस्थ आले, हाताची घडी घालून भिंतीशी उभे राहिले. त्यांची नजर सगळ्यांत जास्त माझ्या हातांवर होती. का, ते सांगायला नको.

माझ्यासमोरची एक चळत वाढत चालली होती. ज्या पक्षाच्या सभांमधली भाषा ऐकून 'आपण इथे नको आहोत' असं मला वाटतं, त्याच पक्षाची. मग एक मतपत्रिका अशी आली, की तिच्यावरची फुली वर्तुळाबाहेर सरकलेली. ओळ मात्र त्याच पक्षाची. बाद की ग्राह्य? अशा वेळी केंद्रावरची मंडळी हात वर करून ठरवतात. मनात क्षणभर काय आलं, ते लपवत नाही. एक कागद बाजूला पडला असता तर कोणाला वावगं वाटलं नसतं. पण त्या माणसाला काय म्हणायचं होतं ते स्पष्ट दिसत होतं. मी 'ग्राह्य' म्हणून हात वर केला. इतरांनीही केला.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. अविश्वास हा दोष आहे का?

आम्हा डॉक्टरांना पेशंटनं शंका विचारली की राग येतो. सुरुवातीच्या काळात मलाही यायचा. पुढे कळलं, की "माझा एक्स-रे मला दाखवा" म्हणणारा पेशंट अपमान करत नाही; तो स्वतःच्या शरीरावरचा हक्क सांगतो. "माझ्यावर विश्वास ठेवा" हे त्याला उत्तर नाही. उत्तर एकच: "या, बघा." देवावर श्रद्धा ठेवावी, मतमोजणीवर मात्र पडताळूनच विश्वास ठेवावा.

इथल्या लोकांनी हे अनुभवानं शिकलं आहे. येना तेव्हा पूर्व जर्मनीत होतं. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत सरकारनं ९८.८५ टक्के पाठिंबा जाहीर केला. पण मोजणी बघण्याचा हक्क कायद्यात होता. बर्लिनमध्ये आणि इतरही ठिकाणी साधी माणसं मोजणीला जाऊन उभी राहिली, केंद्राकेंद्रावरचे आकडे टिपून आणले, बेरीज केली. ती जाहीर आकड्यांशी जुळेना! त्यातून दर महिन्याच्या ७ तारखेला निदर्शनं होऊ लागली. सहा महिन्यांनी भिंत पडली. ३ मार्च २००९ ला जर्मनीच्या घटना न्यायालयानं मतदान यंत्रांबाबत जो निकाल दिला, त्याचं सूत्रही हेच: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत.

भारतातली यंत्रं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. कागदाच्या काळात मतपेट्या पळवल्या जात, हेही आपण विसरू नये. आज व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते, आणि प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून ताडल्या जातात. २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं कागदाकडे परतायला नकार दिला. पण ज्याला शंका आहे त्याला दार बंद दिसलं, की शंका दुप्पट होते. यंत्र निर्दोष असलं तरीही.

नाण्याला दुसरी बाजू आहे. २०२० मध्ये जॉर्जियात जवळजवळ पन्नास लाख मतपत्रिका हातानं पुन्हा मोजल्या. निकाल तोच आला. तरी अनेकांना पटला नाही. हवं ते निदान मिळेपर्यंत डॉक्टर बदलत जाणारा पेशंट आम्ही पाहतो. त्याला शंका नसते, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तेव्हा शंका घेणाऱ्यावरही कर्तव्य येतं: स्वतः जाऊन बघायचं, आणि जे दिसेल ते मानायचं, नावडतं असलं तरी. माझ्यापुढची चळत मला नावडतीच होती.

मोजणी संपली. केंद्राध्यक्षांनी आकडे मोठ्यानं वाचले. भिंतीशी उभ्या गृहस्थांनी खिशातून कागद काढून ते लिहून घेतले, मतदार यादीवरच्या खुणांच्या संख्येशी ताडले, आणि "जुळतं" एवढं बोलून निघाले. त्यांनी मत कोणाला दिलं ते मला ठाऊक नाही. दारातून जाताना त्यांनी मला "शुभ संध्याकाळ" म्हटलं.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, आम्हालाबी एवढंच पाहिजे. कुणीतरी म्हणावं, या, बघा."