धनी व वहिवाटदार

देऊळगाव राजा ह्या आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावाच्या नावात देऊळ आणि राजा हे दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत. जाधवांच्या राजघराण्याने येथे बालाजीची प्रतिष्ठापना केली. आश्विनात यात्रा भरते तेव्हा दूरदूरचे लोक येतात, ते बालाजीसाठी. राजाची आठवण त्यांतील थोड्यांसच असते. मग हा देव कोणाचा, ज्याने आणला त्याचा की जे येतात त्यांचा? चौकस मुलाने असे विचारले, तर वडीलधारी माणसे ‘देव सर्वांचा’ म्हणून त्यास गप्प बसवतील. परंतु कायद्यास इतके मोघम उत्तर पुरत नाही. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेची मूर्ती कोठे ठेवावी ह्यावरून तंटा झाला व तो थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ साली तेथे ठरले की, मूर्ती ही केवळ जंगम चीजवस्तू नव्हे. सेवेचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो तिचा धनी नव्हे, वहिवाटदार होय. आणि आपण कोठे राहावे ह्याविषयी मूर्तीचीच इच्छा मानली पाहिजे. ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यास स्वतःचा स्वार्थ नसलेला हितचिंतक नेमावा, असेही त्या निवाड्यात सांगितले आहे.

ह्या निवाड्याची आठवण मला करून दिली ती एका खेळाच्या संघाने. अमेरिकेत धंदेवाईक बास्केटबॉलचे संघ हे खाजगी मालकीचे असतात, आणि गिऱ्हाईक मिळाल्यास ते बिऱ्हाडासारखे गाव बदलतात. ‘किंग्ज’ ह्या संघाची कुंडली पाहावी. जन्म रॉचेस्टरचा, १९५७ साली तो सिनसिनाटीस गेला, १९७२ साली कॅन्सस सिटीस, आणि १९८५ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो ह्या गावी येऊन टेकला. सॅक्रामेंटो ही त्या राज्याची राजधानी खरी, पण सॅन फ्रान्सिस्को वा लॉस एंजेलिस ह्यांच्यासारखी मोठी पेठ नव्हे. गावाच्या नावाने पहिल्या प्रतीच्या स्पर्धेत उतरणारा हा एकच संघ. मोठ्या शहरातील मनुष्य एका संघावर रुसला तर दुसऱ्याच्या सामन्यास जातो. लहान गावास रुसण्याचीही चैन परवडत नाही.

२०१३ साली त्या वेळच्या मालकांनी हा संघ सिअ‍ॅटलच्या धनिकांस विकण्याचे ठरविले. तेव्हा तो राखण्यास जो गट पुढे आला, त्याचा अग्रणी होता मुंबईत जन्मलेला, संगणकाच्या धंद्यात श्रीमंत झालेला एक मराठी मनुष्य, विवेक रणदिवे. नगराध्यक्ष केव्हिन जॉन्सन हे स्वतः एके काळचे नामांकित खेळाडू. त्यांनी आकाशपाताळ एक केले. संघमालकांच्या सभेत स्थलांतराविरुद्ध बावीस व बाजूने आठ मते पडली, आणि त्रेपन्न कोटी चाळीस लक्ष डॉलर मोल धरून संघ रणदिव्यांच्या गटाकडे आला. मूर्ती जागची हलली नाही. २०१६ साली नवे क्रीडागृह उघडले. त्याच्या खर्चात सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरांचा वाटा शहराने उचलला. ही गोष्ट विसरता कामा नये. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण बायजीनेही आपली थैली मोकळी केली होती. पण आयजी होती हे खरे.

येथपर्यंतची कथा कोणासही अभिमान वाटावा अशी आहे, आणि मलाही तो वाटला. पुढची कथा अवघड आहे.

रणदिव्यांनी एके काळी आपल्या कन्येच्या, बारा वर्षांच्या मुलींच्या संघास शिकविले होते. मुलींना खेळाचे अंग फारसे नव्हते; ह्यांनी प्रतिस्पर्ध्यांस मैदानभर एकसारखे रेटून धरण्याची युक्ती योजिली, व संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. माल्कम ग्लॅडवेल ह्या लेखकाने २००९ साली त्यावर निबंध लिहिला. असे यश मोठे गोड आणि म्हणूनच मोठे धोक्याचे. किंग्जचे प्रशिक्षक मायकेल मलोन हे पहिल्या वर्षी रणदिव्यांच्याच कारकीर्दीत नेमलेले. डिसेंबर २०१४ मध्ये, प्रमुख खेळाडू आजारी असता व चोवीसांपैकी अकरा सामने जिंकले असता, त्यांस काढण्यात आले. आता कवायती बँडाचे नव्हे, जाझच्या वादनाचे दिवस आहेत, अशा आशयाचे धन्याचे उद्गार प्रसिद्ध झाले. मलोन पुढे डेन्व्हरला गेले आणि २०२३ साली त्यांनी त्या संघास अजिंक्यपद मिळवून दिले. इकडे २०१३ ते २०२५ ह्या बारा वर्षांत किंग्जने, हंगामी धरून, आठ प्रशिक्षक पाहिले. अंतिम फेऱ्यांपासून हा संघ सतत सोळा हंगाम दूर राहिला. त्यांतील सात हंगाम पूर्वीच्या मालकांचे, हे न्यायाने सांगितले पाहिजे, पण नऊ ह्यांचे.

ह्याच्या शेजारी सॅन अँटोनिओचा संघ ठेवावा. पेठ तीही लहानच. तेथे ग्रेग पोपोविच ह्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रशिक्षकपद हाती घेतले, आणि त्या हंगामात चौसष्ट सामन्यांपैकी सतराच जिंकले. त्यांस कोणी हलविले नाही. ते २०२५ पर्यंत त्या जागी राहिले व संघाने पाच अजिंक्यपदे मिळविली. कोणी म्हणेल, १९९७ साली सोडतीत टिम डंकन पदरात पडला, हे दैव होय. कबूल. परंतु दैव सॅक्रामेंटोच्याही दारी आले होते: २०१८ च्या निवडीत दुसरी पाळी त्यांची असता लुका डॉन्चिच समोर होता, व त्यांनी दुसऱ्याच तरुणास घेतले. डंकन आला तेव्हा सॅन अँटोनिओत घरची घडी बसलेली होती. पाहुणा कोणाकडेही येतो. तो टिकतो तेथे, जेथे रोज चूल हलवीत नाहीत.

मला छळणारा प्रश्न असा. पैसा ज्याचा, त्यास तो बुडविण्याचा अधिकार आहे, हे मी मान्य करतो. परंतु येथे बुडते ते केवळ पैशाचे मोल नव्हे. सोळा वर्षे हिवाळ्याच्या रात्री क्रीडागृहात येऊन बसलेल्या माणसांचे आयुष्यही त्यात असते, आणि त्याचे मोल कोणाच्याच खतावणीत मांडलेले नसते. शिवाय राखणारा आणि चालविणारा ह्यांचे गुण भिन्न आहेत. राखण्यास धाडस लागते, चालविण्यास हात आवरता यावा लागतो. आणि ज्याने एकदा धाडसाने राखले, त्यासच हात आवरणे सर्वांत जड जाते. ‘मी नसतो तर’ हे त्याचे वाक्य खरे असते, हीच त्यातील अडचण.

स्थलांतराच्या वेळी संघास हितचिंतक होते: नगराध्यक्ष होते, गाव होते, मालकांची सभा होती. परंतु संघ जागी राहून हळूहळू खंगत असता त्याच्या बाजूने बोलणारा कोण? ग्रीन बे ह्या लहानशा गावाचा फुटबॉलचा संघ १९२३ पासून गावकऱ्यांच्याच भागांवर चालतो; त्या भागांवर नफा वाटत नाहीत. पण तेथील संघटनेने पुढे अशी मालकी इतरांस मना केली. तेव्हा तो मार्ग बंद आहे, आणि उरते ती धन्याची मर्जी.

२०२३ साली माइक ब्राउन ह्यांच्या हाताखाली किंग्ज अखेर अंतिम फेऱ्यांत पोचले. त्या हंगामापासून प्रत्येक विजयानंतर क्रीडागृहाच्या माथ्यावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडण्याची चाल पडली. गावकरी घरातून बाहेर येऊन तो पाहात. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन ह्यांस काढले. दोन महिन्यांच्या आत संघाचा आधारस्तंभ, डि-एरन फॉक्स, अदलाबदलीत गेला. आणि गेला तो सॅन अँटोनिओस.