दबलेला मोह: जैन विचारातील उपशम आणि क्षय

उपशम म्हणजे कर्म नष्ट न होता काही काळ दबून राहणे, आणि क्षय म्हणजे ते मुळासकट जाणे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवातच जीवाच्या पाच भावांनी होते. त्यांत औपशमिक आणि क्षायिक हे भाव वेगळे मोजले आहेत. पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत पाण्याचा दृष्टांत दिला आहे. निवळीचे बी घातले की गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो, हा उपशम. तेच निवळलेले पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून घेतले, की झाला क्षय.

आठ मूळ कर्मांपैकी उपशम फक्त मोहनीयाचा, म्हणजे मोह उपजवणाऱ्या कर्माचा, होतो. आत्मविकासाच्या 14 गुणस्थानांपैकी आठव्यापासून साधकापुढे दोन वाटा फुटतात. क्षपकश्रेणीने जाणारा मोहाचा एकेक प्रकार संपवत दहाव्यावरून थेट बाराव्यावर पोहोचतो. त्याला पतन नाही. उपशमश्रेणीने जाणारा मात्र अकराव्यावर, म्हणजे ‘उपशांतमोह’ गुणस्थानावर थांबतो.

खरी मेख याच पायरीवर आहे. इंद्रिये आवरून मनात विषय घोळवणाऱ्याला गीतेने मिथ्याचारी म्हटले. अकराव्या गुणस्थानावरच्या मुनीला तसे म्हणता येत नाही. तो त्या वेळी खरोखर वीतराग असतो. त्याचे चारित्र्य ‘यथाख्यात’च, बाराव्यावरच्या मुनीइतकेच निर्मळ. तरीही मोह सत्तेत, म्हणजे साठ्यात, शिल्लक असतो आणि त्याच्या दबून राहण्याला अंतर्मुहूर्ताची, म्हणजे 48 मिनिटांहून कमी काळाची, मर्यादा असते. ती संपली की सूक्ष्म लोभ पुन्हा उदयाला येतो आणि मुनी खाली उतरू लागतो. त्यासाठी नवे प्रलोभन समोर यावे लागत नाही, हा या मांडणीतला सर्वांत कठोर भाग. आयुष्यच तिथे संपले, तर तो देवगतीत चौथ्या गुणस्थानावर जन्मतो.

म्हणून उपशम त्याज्य ठरत नाही. अनादि काळापासून मिथ्यादृष्टी असलेल्या जीवाला पहिले सम्यक्त्व, म्हणजे खरी श्रद्धा, मिळते तेही औपशमिकच. उतरलेल्याला पुन्हा चढता येते. मात्र साऱ्या संसारभ्रमणात उपशमश्रेणी जास्तीत जास्त चार वेळा चढता येते, आणि केवलज्ञानासाठी अखेर क्षपकश्रेणीच धरावी लागते.