वाचनालय कुणासाठी हवं?

सार्वजनिक वाचनालयं टिकली पाहिजेत, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो आहे. हल्ली मात्र मन विचारतं, कुणासाठी? मला हवं ते पुस्तक मी फोनवरून मागवतो. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. माझं वाचनालयावाचून अडत नाही. मग ही कळकळ कपाटांतल्या पुस्तकांसाठी आहे, की त्या कपाटांपुढे गेलेल्या माझ्या तरुणपणासाठी? माझ्या आठवणी जपायच्या म्हणून गावानं खर्च का करावा?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातली अभ्यासिका मला याचं उत्तर देते. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली सकाळी लवकर येऊन जागा धरतात. नोट्स, चालू घडामोडी, व्याख्यानं, सगळं फोनमध्ये. टेबलावर चार्जरची वायर, पाण्याची बाटली, डबा. एवढं सगळं हातात असूनही ती इथे येतात, कारण दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असतो, धाकटी भावंडं असतात आणि वाचत बसलेल्या मुलीला कुणी ना कुणी कामाला उठवतंच. मजकूर फोननं दिला. उजेड, शांतता आणि हक्काची खुर्ची वाचनालयानं दिली.

पण अभ्यासिका भरली म्हणजे वाचनालय जगलं, अशी समजूत करून घेणंही खरं नाही. परीक्षा आटोपली की ही मुलं जातात. त्यांच्यापैकी कुणी शेजारच्या दालनात जाऊन एखादी कादंबरी घरी नेली का, हे पाहायला हवं. तिकडे त्यांना वळवायला जाणता ग्रंथपाल लागतो, आणि तुटपुंज्या मानधनावर तो किती दिवस टिकेल? 1931 साली रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा त्यातला शेवटचा. ही वाढ माणसांवाचून होत नाही.

इथे बोट माझ्याकडेच वळतं. आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड वर्गानुसार सरकार अनुदान देतं. पण बहुतेक वाचनालयं चालवतात त्या सभासदांच्या संस्था. तमिळनाडू, कर्नाटकात आहे तसा ग्रंथालय उपकर आपल्या कायद्यात नाही. म्हणजे अनुदान अपुरं पडलं, तर उरलेला भार सभासदांवर येतो. आणि सभासद म्हणजे कोण? मीच. सरकारनं लक्ष द्यावं हे म्हणणं रास्त आहे, पण तेवढं म्हणून माझी सुटका होत नाही.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी राहावी आणि मुलींना तिथे निर्धास्त बसता यावं. नवी कपाटं घेण्याआधी ग्रंथपालाचं मानधन वाढावं. त्यासाठी वर्गणी वाढवावी, पण विद्यार्थ्यांची नव्हे. ज्यांचं वाचनालयावाचून अडत नाही, अशा माझ्यासारख्यांची. वाचनालय टिकावं असं मला मनापासून वाटत असेल, तर ही वाढीव वर्गणी भरताना माझा हात आखडता कामा नये.