मॅनेजरची टोपी

आमच्याकडे दर एप्रिलला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो : पुढची वाट कोणती, तांत्रिक की व्यवस्थापनाची? समोर दोन गोल, त्यातल्या एकात टिंब द्यायचं. आर्किटेक्ट होऊन कोडच्या जवळ राहायचं, की पायऱ्या चढत टेक्नॉलॉजी स्ट्रॅटेजी वगैरे लिहिलेल्या केबिनमध्ये जाऊन बसायचं. गेली दोन वर्षं हा प्रश्न मी शेवटच्या तारखेपर्यंत कोरा ठेवला. भरताना दर वेळी मला थायोकॉलचा तो उपाध्यक्ष आठवायचा.

मॉर्टन थायोकॉल ही अमेरिकेतल्या युटामधली कंपनी. अंतराळयानाचे बूस्टर बनवायची. तो तिथे अभियांत्रिकीचा उपाध्यक्ष होता, म्हणजे आमच्या फॉर्ममधल्या दुसऱ्या गोलात टिंब दिलेला इंजिनिअर. २७ जानेवारी १९८६च्या रात्री तो टेलिकॉन्फरन्सवर होता. दुसऱ्या सकाळी फ्लोरिडातून ‘चॅलेंजर’ उडणार होतं आणि रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. बूस्टरचे सांधे बंद राखणारी रबरी कडी, ओ-रिंग, थंडीत कडक होते. रॉजर बॉइसजोली आणि त्याचे सहकारी सांगत होते, ५३ अंश फॅरनहाइटच्या (साधारण १२ सेल्सिअस) खाली उडवू नका. त्याहून थंडीत आपण कधी उडवलेलं नाही. उपाध्यक्षाने आधी नासाला हीच शिफारस केली. नासाच्या अधिकाऱ्यांना ती रुचली नाही. थायोकॉलने आपसात बोलायला पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्धा तास चालली. त्या अर्ध्या तासात त्याच्या वरिष्ठाने त्याला सांगितलं, की आता इंजिनिअरची टोपी उतरव आणि मॅनेजरची घाल. शिफारस बदलली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं. आतले सातही जण गेले.

ही गोष्ट सांगताना इंजिनिअर म्हणजे सज्जन आणि मॅनेजर म्हणजे टोपी फिरवणारा अशी सरळ वाटणी करतात. मीही बरीच वर्षं तशीच ऐकली, आणि कँटीनमध्ये तशीच सांगितली. पण त्या रात्री इंजिनिअरांच्या हातातला पुरावा खरोखरच अपुरा होता. सर्वांत थंड उड्डाणात सांध्यातून सर्वांत वाईट गळती झाली होती हे खरं. पण ७५ अंशांच्या उबदार हवेतल्या एका उड्डाणातही गळती दिसली होती. किती थंडीला किती धोका, हे त्यांना आकड्यात मांडता येईना. अपुऱ्या माहितीवर कुणीतरी निर्णय घ्यावाच लागतो. सगळं सिद्ध होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर यान सोडा, आमचं साधं अॅपही बाहेर पडणार नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही एक सुरक्षित कोपरा असतो, हे आम्ही इंजिनिअर सहसा कबूल करत नाही.

मग चूक नेमकी कुठे झाली? बॉइसजोलीने नंतर चौकशी आयोगापुढे सांगितलं, की एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवावं लागायचं, त्या रात्री मात्र ते सुरक्षित नाही हे आम्हाला सिद्ध करायला लावलं. नुसती टोपी बदलली असती तर एक वेळ चाललं असतं. पुरावा कुणी द्यायचा, हेच उलटं झालं. ‘माहीत नाही’ या उत्तराचा अर्थ संध्याकाळी ‘थांबा’ असा होता, रात्री तो ‘जा’ असा झाला.

त्याच आयोगातल्या रिचर्ड फाइनमनने नोंदवलंय, की यान गमावण्याची शक्यता काम करणारे इंजिनिअर साधारण १०० उड्डाणांत एक सांगत होते आणि व्यवस्थापन १,००,००० त एक. एवढी दरी कुणा एकाच्या खोटेपणाने पडत असेल असं मला वाटत नाही. हे मी पुस्तकी बोलत नाही, कारण एक शून्य मीही वाढवलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पेमेंट प्रणालीत, भार वाढला की काही हजार व्यवहारांमागे एखादा दोनदा नोंदवला जायचा. मी अहवालात लिहिलं : कारण अजून सापडलेलं नाही. वरून निरोप आला, साहेबांना एका ओळीत हवंय. मी लिहिलं : किरकोळ त्रुटी, लक्ष ठेवून आहोत. एक अक्षर खोटं नव्हतं. स्लाइडवरचा लाल ठिपका पिवळा झाला, आणि तो कुणी दमदाटी करून बदलून घेतला नव्हता. रिलीज झालं. थोड्याच ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले आणि आठवड्याभरात परतही मिळाले. पण एका बाईंच्या खात्यात त्यामुळे घराच्या हप्त्यापुरती शिल्लक उरली नाही, तो परत गेला, दंड बसला. त्यांची तक्रार चार ओळींची होती. ‘माझी चूक काय?’ हा त्यातला शेवटचा प्रश्न. आम्ही त्याला छापील उत्तर पाठवलं.

त्या रात्रीचा आणखी एक माणूस असतो, पण गोष्टीत तो बहुधा गळतो. अॅलन मॅकडॉनल्ड. थायोकॉलचाच, बूस्टर प्रकल्पाचा संचालक. म्हणजे चांगला मॅनेजर होता. त्याने उड्डाणाच्या कागदावर सही करायला नकार दिला, तेव्हा ती युटातल्या वरिष्ठाने केली. पुढे आयोगासमोर बोलला म्हणून कंपनीने त्याला बाजूला सारलं, आणि अमेरिकी काँग्रेसमधून ओरड झाल्यावर बूस्टरच्या नव्या रचनेचं काम त्याच्याच हाती दिलं. तो असल्यामुळे मला ‘मी इंजिनिअरच बरा’ ही पळवाट घेता येत नाही.

या एप्रिलमध्ये मी दुसऱ्या गोलात टिंब दिलं. जूनमध्ये टीममधल्या एका मुलीने मला अर्धा पानभर लिहून पाठवलं. एक सर्व्हर मधूनच अडकतोय, कारण समजत नाही. वर पाठवण्यासाठी मी ते आखडायला घेतलं, दोन वाक्यं खोडलीही, मग परत जशीच्या तशी ठेवली. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “म्हणजे नक्की काय होईल?” मी म्हटलं, “माहीत नाही. म्हणून थांबू या.” रिलीज आठवडाभर पुढे गेलं. आठवडाभर आम्ही शोधलं. काहीच सापडलं नाही, आणि त्यानंतर तो सर्व्हर एकदाही अडकलेला नाही.

परवा साहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, “अरे, मग तो आठवडा आपण कशासाठी घालवला?” मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही.